हळद भरलेले गुडघे

आमच्या घरातल्या सगळ्या चुलत-आते भावंडांच्या गुडघ्यांवर खुणा आहेत. लग्नकार्यात शेवटची पंगत उठली, आचारी भांडी आवरायला लागले की कुणीतरी पँट वर सरकवतो आणि प्रदर्शन सुरू होतं. ही घाटाच्या पायरीवरची, ही सायकलच्या चेनची, ही तू मला ढकललंस तेव्हाची. प्रत्येक खुणेची कथा निराळी. उपचार मात्र सगळ्यांचा एकच. मोरीत नेऊन धुवायचं, हळद भरायची, चिंधी बांधायची आणि पुन्हा बाहेर पिटाळायचं. आमच्यानंतरच्या मुलांना हे सांगितलं तर ती आमच्याकडे युद्धातून परत आलेल्या माणसांकडे बघावं तशी बघतात. आम्हालाही ते आवडतं, खोटं कशाला बोला.

हळद आमच्याकडे मिसळणाच्या डब्यात मावणारी वस्तू नव्हती. आजोबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. संध्याकाळी ते घरी आले की धोतराचा काठ, टोपीची कड, वहीची पानं, सगळ्यावर पिवळी झाक असायची. आणि वास! तो हळदीचा आणि पोत्याच्या तागाचा मिळून झालेला वास आमच्यापैकी कुणालाही आज मार्केट यार्डाच्या बाजूनं जाताना ओळखू येतो. सुट्टीत आजोबा कधीमधी हरिपूरला पेवांवर घेऊन जायचे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळची ती माती अशी की जमिनीत खोल खड्डे खणून हळद ठेवली तर वर्षानुवर्षं कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नाही, वारा खेळू द्यायचा, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी पाठ झालं होतं. २००५च्या महापुरात त्यातली पुष्कळ पेवं गेली. पुढं २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आजोबा हवे होते असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी अर्थात आधी भाव काय चाललाय ते विचारलं असतं.

घरचं डॉक्टरपण मोठ्या आईकडे, म्हणजे आजीकडे होतं. तिची शिस्त कडक. "काय मरत नाहीस. बस गप. रक्त बघू नकोस, भिंतीकडं बघ." पाणी उकळून गार केलेलं, ते तांब्यातून धारेनं जखमेवर. मग कोनाड्यातल्या चिनीमातीच्या बरणीतली हळद. स्वयंपाकाच्या डब्याला ती हात लावू द्यायची नाही. जखमेची हळद घरी कुटून वस्त्रगाळ केलेली आणि वेगळी ठेवलेली असे. बाजारच्या तयार पुडीवर तिचा काडीचा विश्वास नव्हता, "रंग घालतात मेले" म्हणायची. ते खरंही होतं. मेटॅनिल यलो नावाचा कापडाचा रंग हळदीत सापडल्याच्या तक्रारी त्या काळात होत्याच, आजही होतात.

त्यानंतर चिंधी. माळ्यावरच्या ट्रंकेत एक बोचकं असे, त्यात विरलेल्या नऊवारी लुगड्यांचे तुकडे, धुवून, उन्हात कडक वाळवून, घड्या घालून ठेवलेले. नवं कापड जखमेला चालत नसे, त्यातली खळ टोचते. पंधरा-वीस वर्षं अंगावर आणि धोपटण्याखाली राहिलेलं सूतच इतकं मऊ होतं की दोन बोटांनी ओढलं तर सरळ रेषेत फाटत जायचं. तो टर्र आवाज आला की रडणारं मूल गप्प व्हायचं, कारण आता मुख्य भाग संपला हे त्याला कळे. चिंधीचं टोक दातानं उभं फाडून दोन बंद करायचे, गुडघ्याच्या मागं गाठ मारायची, वर एक फुंकर. झालं.

बाहेर कुठं पडलो तर मोठी आई जवळ नसे. तेव्हा दगडी पाला. बांधावर, शाळेच्या कुंपणाला, रेल्वे रुळांच्या कडेला, कुठंही उगवणारं ते झुडूप. लांब दांड्यावर एकुलतं फूल, मधे पिवळं, कडेनं चार-पाच पांढरट पाकळ्या. पानं तळव्यावर चुरगाळायची, हिरवा रस जखमेवर पिळायचा. असं चुणचुणायचं की डोळ्यांत पाणी. पण रक्त थांबायचं. मोठी भावंडं धाकट्यांवर हा प्रयोग फार आनंदानं करत. गंमत म्हणजे ज्याला आम्ही आपल्या मातीतलं, ऋषीमुनींच्या वेळचं औषध समजत होतो ते झाड मूळचं उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेचं. मिरची आणि बटाट्याप्रमाणं तेही इकडं आलं आणि घरचंच झालं.

भाजण्याचं खातं वेगळं. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात वातीचा किंवा पंपाचा स्टोव्ह होता आणि प्रत्येक घरात भडक्याची एक तरी आठवण. धाकट्या काकूच्या मनगटावर उकळतं तेल सांडलं ती दिवाळी कुणी विसरलेलं नाही. एकानं शाईची दौत आणून ओतली. दुसऱ्यानं बटाटा किसला. शेजारच्या आजी केळीचं पान घेऊन आल्या, म्हणाल्या, हात ह्याच्यावर ठेव, कापडावर नको. त्या रात्री काकू केळीच्या पानावर हात पसरून झोपली. शाईचा उपयोग डाग पडण्यापलीकडं काही झाला नाही. पण बटाटा आणि केळीचं पान ह्यांची गोष्ट तिथं संपत नाही, हे आम्हाला फार पुढं कळलं.

मुंबईत परळच्या वाडिया हॉस्पिटलात डॉ. मनोहर केसवानी भाजलेल्या लहान मुलांवर उपचार करत. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजच्या पट्टीवर चिकटवून, निर्जंतुक करून जखमांवर बांधून पाहिल्या आणि १९८५ मध्ये त्याचा पहिला वृत्तांत भाजलेल्या जखमांच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. सालीचं काम एवढंच की जखम कोरडी पडू द्यायची नाही आणि स्वतः तिला चिकटायचं नाही. पुढं शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे ह्यांनी केळीच्या पानाचं ड्रेसिंग बसवलं. पानाचा मेणचट पृष्ठभाग जखमेला धरत नाही, पट्टी बदलताना रुग्ण कळवळत नाही, आणि खर्च बटाट्याच्या सालीपेक्षाही कितीतरी कमी. २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शेजारच्या आजींचं पान आणि हे पान ह्यांत फरक वाफेच्या निर्जंतुकीकरणाचा. तो लहान फरक नव्हे.

घरात दुकानातली औषधंही हळूहळू आलीच. कोनाड्यात हळदीच्या बरणीशेजारी टिंक्चर आयोडीनची निळी बाटली, मग लाल औषध, बर्नॉलची ट्यूब, सोफ्रामायसिन, नेबासल्फची पावडर. त्याच्याही आधीच्या पिढीत सिबाझॉलची गोळी कुटून जखमेत भरत, असं आमच्या घरातले नाना सांगायचे. १९५५ पासून तर पेनिसिलिन पिंपरीतच बनायला लागलं होतं. लाल औषधावर आमचं प्रेम होतं, कारण ते झोंबत नसे आणि दिसायला भारी. त्यात पारा असतो हे कुणाच्या गावीही नव्हतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९८ मध्ये त्याला सुरक्षित औषधांच्या यादीतून काढलं. आमच्या बालपणाचा निम्मा रंग त्या निर्णयात गेला.

आता चिंधीविषयी राहिलेलं सांगायला हवं, कारण आठवणींच्या पंगतीत ते कुणी वाढत नाही. बांधताना चिंधी मऊ असायची, सुटताना नाही. दोन दिवसांत रक्त, लस आणि हळद मिळून कापडाचा पत्रा व्हायचा आणि तो थेट मांसाला धरायचा. मोठी आई कोमट पाण्यानं भिजवायची, थोडं थोडं सोडवायची. पण संयम संपला की एक हिसका. त्या हिसक्याबरोबर आलेली नवी कातडीही चिंधीवर जायची आणि जखम पुन्हा पहिल्या दिवशी येऊन बसायची. आम्ही सगळे ज्या वेदनेला भ्यायलो ती पडण्याची नव्हती, पट्टी काढण्याची होती.

शिवाय एक ठाम समजूत: जखमेला वारा लागू द्यावा, ती सुकू द्यावी, खपली धरली की बरी. ही समजूत फक्त आमच्या घरची नव्हती, डॉक्टरही तेच सांगत. १९६२ मध्ये लंडनच्या जॉर्ज विंटरनं डुकरांच्या कातडीवर बारीक जखमा करून काही उघड्या ठेवल्या, काही पॉलिथिनच्या पातळ पडद्याखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी कातडी जवळजवळ दुप्पट वेगानं पसरली. कारण साधं आहे. नव्या पेशींना सरकायला ओल लागते. खपली असेल तर त्यांना तिच्याखालून बोगदा काढत जावं लागतं. ही बातमी सांगलीच्या आमच्या मोरीपर्यंत पोचायला दोन पिढ्या गेल्या.

आणि धनुर्वात. ह्याबद्दल घरातली मोठी माणसं आवाज खाली आणून बोलत. मोठ्या आईचा एक भाऊ कुदळ लागून गेला होता. तिच्या बहिणीचं एक बाळ सातव्या-आठव्या दिवशी. नाळेला काय लावलं होतं हे कुणी स्पष्ट सांगितलं नाही, पण शेणाची राख लावायची पद्धत तेव्हा सर्रास होती आणि धनुर्वाताचा जंतू मातीत-शेणातच राहतो. गरोदर बाया आणि बाळांचं लसीकरण, सुईणीऐवजी दवाखान्यातलं बाळंतपण, असं होत होत २०१५ मध्ये भारत माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वातातून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्यामुळं आमच्यातला कुणी "पूर्वी कुठं इंजेक्शनं होती, तरी आम्ही जगलोच की" असं सुरू करतो तेव्हा मी उठून पाणी प्यायला जातो. जगलो ते बोलायला उरलो.

हळदीचा अभिमान मात्र घरात होताच आणि १९९७ मध्ये त्याला उधाण आलं. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मार्च १९९५ मध्ये जखम भरून काढण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट मिळालं होतं. पेटंटवर नावं होती भारतीय वंशाच्याच दोन संशोधकांची. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं त्याला आव्हान दिलं. जुने संस्कृत ग्रंथ, १९५३ सालचा इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकातला लेख, असे ३२ पुरावे सादर केले आणि पेटंट रद्द झालं. हळदीघाटीची लढाई जिंकली म्हणून पेपरांत मथळे आले. नानांनी कात्रण कापून देवघराच्या भिंतीला डकवलं. मोठी आई तेव्हा नव्वदीला टेकली होती, तिला समजावून सांगितल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे हळद लावायला त्यांना पैसे द्यावे लागणार होते?" हो म्हटल्यावर बराच वेळ हसत होती.

त्या लढाईतून एवढंच सिद्ध झालं की हे ज्ञान नवं नाही. ते कितपत खरं, हा प्रश्न तिथं विचारलाच नव्हता. तो विचारणारी आमच्या घरात आता निघाली आहे. धाकट्या आतेबहिणीची मुलगी वस्त्रतंत्रज्ञान शिकली आणि सध्या वनस्पतीजन्य नॅनोतंतूंपासून जंतुरोधक पट्टी करण्यावर संशोधन करते. आम्ही तीन-चार भावंडं मुद्दाम तिची प्रयोगशाळा बघायला गेलो होतो.

काचेची पेटी, आत एक आडवी ठेवलेली सिरिंज, पुढं बोथट सुई. सुईपासून वीतभर अंतरावर अॅल्युमिनियमच्या फॉइलनं मढवलेला रूळ. सिरिंजमधलं द्रावण गडद केशरी. त्यात सेल्युलोज अॅसिटेट, म्हणजे कापसाच्या किंवा लाकडाच्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून केलेला पदार्थ; आणि कर्क्युमिन, म्हणजे हळकुंडातला तो जेमतेम तीन टक्क्यांचा पिवळा ऐवज. ती म्हणाली, मामा, लांब उभे राहा, आणि पंधरा हजार व्होल्टचा दाब दिला. सुईच्या टोकाशी लोंबणारा थेंब आधी नुसता थरथरला. मग त्याला टोक आलं, निमुळता शंकू झाला आणि शंकूच्या शेंड्यातून एक धागा सुटला. पुढं तो दिसेनासा झाला. दिव्याच्या तिरक्या उजेडात फक्त धुरकट भोवरा कळत होता. हवेत फिरता फिरताच द्रावक उडून जातो आणि कोरडा तंतू रुळावर गुंडाळला जातो. तासाभरानं तिनं फॉइलवरून जे सोलून हातात दिलं ते कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखं होतं, फिकट पिवळं, वजन नसलेलं.

विजेनं सूत ओढायच्या ह्या पद्धतीचं पेटंट अंतोन फॉर्महाल्सनं १९३४ मध्येच घेतलं होतं, आणि थेंबाचा शंकू का होतो ह्याचं गणित जेफ्री टेलरनं १९६४ मध्ये मांडलं. जखमेसाठी कर्क्युमिन भरलेले सेल्युलोज अॅसिटेटचे तंतू बँकॉकच्या चुलालाँगकोर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये करून दाखवले. त्यानंतर जगभर ह्या कामाचं पेव फुटलं. आपल्याकडं माटुंग्याची कापूस तंत्रज्ञान संस्था, जिची सुरुवात १९२४ची, कापसापासून नॅनोसेल्युलोज काढते. म्हणजे मोठ्या आईच्या ट्रंकेतलं लुगडं आणि बरणीतली हळद, माल तोच.

मग एवढा खटाटोप कशाला? भाचीनं ते सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर दाखवलं. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. तिचे तंतू तीनशे-चारशेचे. कातडीखालचं कोलॅजनचं जाळं त्याच मापाचं असतं, त्यामुळं पेशींना त्यावर पाय रोवता येतात. धाग्यांमधली भोकं इतकी बारीक की बाहेरून येणाऱ्या जंतूला वाट मिळणं मुश्कील, वाफ मात्र ये-जा करते. जखम ओलसर राहते, पाणथळ होत नाही. आणि मुख्य मुद्दा हळदीचा. कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही. चिमूटभर पूड जखमेत भरली की तिचे कण तसेच बसून राहतात, वर उजेडानं आणि लसीतल्या क्षारानं ते बिघडतं. तंतूत अडकवलेलं कर्क्युमिन कणांच्या रूपात नसतं, रेणू-रेणूनं पसरलेलं असतं आणि तासातासानं थोडं थोडं सुटतं. मोठ्या आईच्या मापाचा चिमूटभर आता मोजता येतो.

दुसऱ्या खोलीत काचेच्या बशा होत्या. सगळीकडं जंतूंची सायीसारखी वाढ आणि मधे पिवळ्या पट्टीची टिकली. टिकलीभोवती जंतू मेलेलं स्वच्छ कडं दिसलं की पट्टी काम करते. पू करणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या बशीत कडं होतं. आम्ही जवळजवळ टाळ्याच वाजवल्या. तिनं शेजारची ई. कोलायची बशी पुढं केली. तिथं कडं असल्यासारखं वाटत होतं, नसल्यासारखंही. हळदीचा जोर सगळ्या जंतूंवर सारखा चालत नाही. कर्क्युमिन जंतूंना मारतं हे १९४९ मध्येच 'नेचर'मध्ये छापून आलं होतं. पण २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटानं असंही दाखवून दिलं की हा रेणू अनेक चाचण्यांना चकवतो, काम केल्यासारखा दिसतो आणि करत नाही. भाची हे दोन्ही एकाच सुरात सांगत होती. आम्हा भावंडांतले दादा जरा खट्टू झाले. देवघराच्या भिंतीवरचं कात्रण वाचून मोठं झालेलं पोर असं कसं बोलतं, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मला तिचं फार बरं वाटलं.

दादांचा खट्टूपणा समजण्यासारखा आहे, कारण त्यांना पट्टी हवी आहे ती स्वतःसाठी. आमची ती गुडघे फोडणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे आणि निम्म्यांना साखर आहे. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशातच दहा कोटींहून जास्त मधुमेही. नवी चप्पल चावली म्हणून दादांच्या अंगठ्याखाली फोड आला, संवेदना कमी झाल्यानं त्यांना तो कळलाही नाही, आणि आता ती जखम काही महिने मिटायचं नाव घेत नाही. बोटाला फटका बसला तर दोन दिवसांत सायकलवर बसणारा हा माणूस.

त्यांना सध्या लावतात ती पट्टीही झाडाच्याच तंतूंची आहे, सेल्युलोजपासून केलेली, दवाखान्यात मिळणारी. जखमेतलं पाणी ओढून घेऊन ती जेलीसारखी होते आणि अलगद उचलली जाते. त्यात जंतू मारायला चांदी घातलेली असते आणि किंमत ऐकून वहिनींना घाम फुटतो. हळदीची पट्टी चांदीपेक्षा स्वस्त पडेल का, म्हणून दादा दर फोनला भाचीच्या मागं लागतात. तिची उत्तरं सावध. पट्टी निर्जंतुक करताना कर्क्युमिन टिकतं का ते बघायचंय, मग प्राण्यांवर, मग माणसांवर, मग परवानग्या. तोवर घरच्या हळदीची पूड त्या जखमेत भरायची नाही, हे तिनं दादांकडून शपथेवर कबूल करून घेतलंय. कोनाड्यातली बरणी दादांच्याच वाट्याला आली आहे, म्हणून ही खबरदारी.

परवा दादांनी पुन्हा विचारलं, अजून किती वर्षं?

भाचीनं उत्तर द्यायच्या आत वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "ती काढेल तेव्हा काढेल. तुम्ही आधी चहातली साखर सोडा, आणि अनवाणी अंगणात जाऊ नका."

"चहात कुठं साखर असते?" दादा म्हणाले.

"काल डबा कुणी उघडा टाकला होता मग?"

दादांनी फोन माझ्याकडं दिला आणि चपला शोधायला उठले.